मीठसुद्धा धुवून घेणाऱ्या घरातली मनू पुढं लक्ष्मीबाई टिळक झाली..

बाजारातून आणलेलं धान्य धुवून घ्यायचं, इथवर ठीक आहे. पण मीठ? साखर?

नाशिकजवळ जलालपूर नावाचं गाव आहे. दीडशे वर्षांपूर्वी तिथं नाना गोखले राहायचे आणि त्यांच्या घरात बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट धुवून घेतली जायची. अगदी मीठसुद्धा. धुतल्यावर त्यातलं किती उरायचं हा प्रश्न घरातल्या बायकांनी विचारायचा नसतो. कारण बाजारातल्या मिठाला कुणाचा हात लागला असेल, ते सांगता येत नाही.

नाना जन्मापासून असे नव्हते. १८५७ चा उठाव झाला, त्यात त्यांचे सासरे जोगळेकर यांना इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यानंतर नानांच्या डोक्यात सोवळं शिरलं आणि मग ते कधी बाहेर पडलंच नाही. स्नान, पुन्हा स्नान, शिवाशिव, विटाळ. सगळं घर एका माणसाच्या भीतीभोवती फिरायला लागलं.

आज आपण याला सोवळं-ओवळं म्हणतो आणि जुन्या लोकांची चाल म्हणून सोडून देतो. पण नीट पाहिलं तर ती भीतीच होती. आपल्याला कुणीतरी शिवेल, आपण बाटू, देव कोपेल आणि होतं नव्हतं ते जाईल, अशी भीती. आणि या भीतीची खरी किंमत नानांनी नाही मोजली. ज्यांच्या सावलीलाही लोक भ्यायचे त्यांनी मोजली, आणि थोडीफार घरातल्या बायका-पोरांनी.

अशा घरात १८६८ साली एक मुलगी जन्मली. नाव मनकर्णिका, घरातली मनू.

हीच मनू पुढं लक्ष्मीबाई टिळक झाली. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी. मराठीतल्या सगळ्यात चांगल्या आत्मचरित्रांची यादी कुणीही काढली तरी त्यात हे पुस्तक येतंच. पण पुस्तकाच्या आधीची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण शिवाशिवीच्या धाकात वाढलेली ही बाई आयुष्याच्या मध्यावर त्या धाकातून बाहेर आली. ती कशी आली, त्याचा क्रम बघण्यासारखा आहे.

तर, मनूचं लग्न १८८० साली झालं. वय अकरा-बारा. नवरा अठरा-एकोणीस वर्षांचा. नाव नारायण वामन टिळक. हे लोकमान्य नव्हेत. हे कवी टिळक, ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून शाळेच्या पुस्तकातून अनेकांना माहीत असलेले. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे.

टिळक हुशार होते, प्रेमळ होते आणि संसाराला अजिबात उपयोगाचे नव्हते. हातात पैसा आला की तो दुसऱ्या कुणाला तरी द्यायचे. मनात आलं की न सांगता घराबाहेर पडायचे, कधी परत येतील त्याचा नेम नाही. राग आला तर तो नाकावर, आणि ओसरला की लहान मुलासारखे. लक्ष्मीबाईंनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. लिहा-वाचायला शिकवलं ते याच नवऱ्यानं, लग्नानंतर. आज इथं, उद्या तिथं असा त्यांचा संसार चालला होता. हाती आलेलं मूल गमावण्याचं दुःखही त्यांनी पाहिलं. मग दत्तू झाला. हाच पुढचा देवदत्त नारायण टिळक.

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एक गोरा माणूस भेटला. गप्पा झाल्या. उतरताना त्यानं टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून तो गेला. तो कोण होता, हे टिळकांना कधीच कळलं नाही. टिळक पुस्तक वाचायला लागले. येशूनं डोंगरावर केलेल्या प्रवचनापाशी आले आणि तिथंच अडकले. शत्रूवरही प्रेम करा, उद्याची चिंता करू नका, असं सांगणारं ते प्रवचन. जातिभेद मोडणारा धर्म ते शोधतच होते.

दोन वर्षं भरत आली आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

इकडं लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. पदरात लहान दत्तू.

त्या काळात या बातमीचा अर्थ काय होता, हे आज चटकन लक्षात येणार नाही. नवरा मेला असता तर समाजाकडं त्यासाठी ठरलेले नियम होते. क्रूर असतील, पण होते. नवरा परागंदा झाला असता तर वाट बघता आली असती. इथं नवरा जिवंत आहे, त्याचं प्रेम आहे, तो पत्रं लिहितोय, ये म्हणतोय. पण तो बाटला आहे. त्याच्या हातचं पाणी चालणार नाही. म्हणजे बाई सवाष्णही आहे आणि नाहीही.

इथं एक कायद्याची गोष्ट सांगायला हवी. १८६६ साली इंग्रज सरकारनं एक कायदा केला होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाबरोबर त्याची बायको किंवा नवरा नांदायला तयार नसेल, तर ख्रिस्ती झालेल्याला कोर्टात जाऊन लग्न मोडून घेता यायचं आणि दुसरं लग्न करता यायचं. टिळकांपुढं ही वाट मोकळी होती. त्यांनी ती घेतली नाही. ते थांबले. टिळकांच्या विक्षिप्तपणाचे किस्से पुष्कळ सांगितले जातात, पण ही गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा करायला हरकत नाही.

लक्ष्मीबाईंना नातेवाइकांनी पंढरपूरला नेलं. विठोबाच्या गावात ही बाई बसून राहायची. तब्येत ढासळली. लोक येऊन सहानुभूती दाखवायचे, त्या सहानुभूतीचाही जाच व्हायचा. याच दिवसांत एक वेगळी गोष्ट घडली. लक्ष्मीबाई कविता करायला लागल्या. शिकलेल्या नवऱ्याची अर्धशिक्षित बायको, आणि दुःखाला वाट हवी म्हणून ओळी जुळवायला लागली.

साडेचार-पाच वर्षं अशी गेली.

शेवटी त्या नवऱ्याकडं निघाल्या. टिळक तेव्हा अहमदनगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. इथं अनेकांचा गैरसमज होतो की नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायकोही ख्रिस्ती झाली. तसं झालेलं नाही. लक्ष्मीबाई गेल्या त्या हिंदू म्हणून. आपलं स्वयंपाकघर वेगळं, आपलं पाणी वेगळं. नवरा एकाच घरात, पण त्याचा स्पर्श चुलीला नाही. जलालपूरच्या नानांची मुलगी नगरमध्येही नानांचीच मुलगी होती.

विचार करा, काय अवस्था असेल. आजूबाजूला सगळी ख्रिस्ती वस्ती. त्यातले बरेच लोक महार आणि मांग समाजातून आलेले. तेच शेजारी, तेच दुखण्याखुपण्याला धावून येणारे. आणि त्यांच्यापैकी कुणाचा हात पाण्याला लागला की पाणी ओतून द्यायचं. एकीकडं माणसं चांगली आहेत हे डोळ्यांना दिसतंय. दुसरीकडं लहानपणापासून अंगात मुरलेलं भय हात मागं ओढतंय.

आणि मग एक दिवस लक्ष्मीबाई एकट्याच बसून विचार करायला लागल्या. देवानं जर जाती केल्या असतील तर त्या दिसायला हव्यात. जनावरांत, पाखरांत जसा एका जातीचा दुसरीपासून फरक दिसतो, तसा माणसांत दिसायला हवा. पण ब्राह्मणाचं आणि महाराचं शरीर सारखंच आहे. जन्म सारखा, मरण सारखं. मग हे देवाचं काम नव्हे, माणसाचं आहे. आणि माणसानं केलेलं असेल तर त्याला भ्यायचं कशाला?

बस्स. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं.

यात कुठं प्रवचन नाही, दृष्टांत नाही, कुणा मिशनऱ्यानं केलेला उपदेश नाही. नवऱ्यानं हट्ट धरला असंही नाही. एका बाईनं स्वतःच्या अकलेनं स्वतःच्या भीतीची तपासणी केली आणि ती भीती खोटी निघाली. लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेबद्दल बोलताना हा टप्पा गाळला जातो, आणि तसं होता कामा नये. धर्मांतराच्या कथांमध्ये आधी देव भेटतो आणि मग भीती जाते. इथं उलटं झालं. आधी विटाळ गेला, मग मन मोकळं झालं, आणि मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मग श्रद्धेनं काय केलं, असा प्रश्न पडू शकतो. विचारानं भीती गेलीच होती की.

तर विचारानं हात मागं ओढणारी भीती गेली. पण तोच हात पुढं करायला आणखी काहीतरी लागतं. शेजारच्या घरी चहा पिणं एक, आणि जो माणूस आपल्याला मरण देऊ शकतो त्याच्या उशाशी बसणं वेगळं.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि बघता बघता सगळ्या महाराष्ट्रात पसरला. पुण्यात रँडनं घरं तपासायला गोरे सोल्जर घातले, त्यातून २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण प्लेगची दहशत त्यानंतरही कित्येक वर्षं होती. उंदीर मेलेले दिसले की गाव सोडायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं. काखेत, जांघेत गाठ आली की समजायचं. लोक घरातला पेशंट लपवून ठेवायचे, कारण सरकारी छावणीत नेलेला माणूस परत येत नाही असा समज होता. कोरोनाच्या पहिल्या लाटेत लिफ्टचं बटण दाबायला आपण कसे घाबरायचो ते आठवा, आणि त्यात औषध नसणं मिळवा. हाफकिनची लस १८९७ मध्ये आली होती, पण तिचीही लोकांना भीती वाटायची. बरं करणारं औषध असं नव्हतंच.

नगरमध्ये प्लेग आला तेव्हा टिळक आणि लक्ष्मीबाई आजाऱ्यांची शुश्रूषा करायला उतरले. स्वतःच्या घरात मूल असताना. ज्या घरात मिठाला कुणाचा हात लागला असेल म्हणून ते पाण्यात बुडवायचे, त्या घरातली मुलगी प्लेगनं फणफणलेल्या लेकरांच्या अंगावरून हात फिरवत होती. त्यांना भीती वाटत नव्हती असं समजायचं कारण नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतःला कधी धीट म्हणून मिरवलं नाही, उलट आपल्या फजित्या त्यांनी मिटक्या मारत सांगितल्या आहेत. पण आपल्याला काही झालं तरी आपण देवाच्या हातात आहोत, या भरवशावर त्या काम करत राहिल्या.

त्या काळात भीतीला असं सामोरं जाणाऱ्यांमध्ये मिशनचे लोक ठिकठिकाणी दिसतात. सांगलीकरांना यातलं एक नाव रोजच्या पत्त्यात भेटतं. विश्रामबागेला लागून असलेली वानलेसवाडी. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये इकडं आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. पुढं वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी दवाखाना झाला, तोही अशा काळात जेव्हा टीबीचं नाव ऐकून लोक वाट बदलायचे. पण वानलेस बाहेरून आलेले डॉक्टर होते, शिकून आलेले होते. लक्ष्मीबाईंकडं ना डिग्री होती ना मिशनचा मोठा हुद्दा. आणि त्यांना ज्या भीतीतून बाहेर यायचं होतं, ती त्यांच्या स्वतःच्या घरातली होती.

नगरचं टिळकांचं घर म्हणजे धर्मशाळा. दुष्काळात अनाथ झालेली पोरं, शिकायला आलेली पोरं, कवी होऊ पाहणारी पोरं, सगळी तिथंच. टिळक मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवायचे, नंतर ‘ज्ञानोदय’चं काम बघायला लागले. माणसं टिळक आणायचे आणि त्यांना जेवायला काय घालायचं हे लक्ष्मीबाईंनी बघायचं, अशी कामाची वाटणी होती.

त्यातच एक दिवस खानदेशातून एक पोरगा येऊन राहिला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. म्हणजे आपले बालकवी. टिळकांनी त्याच्यातला कवी ओळखला होता, पण लक्ष्मीबाईंनी त्याच्यातलं हळवं पोरगं ओळखलं. पोटच्या मुलासारखं सांभाळलं. ब्राह्मणाचं पोर ख्रिस्ती घरात राहतंय म्हणून लोक बोलायचे. बालकवी काही ख्रिस्ती झाले नाहीत आणि या घरानं त्यांना तसं व्हायलाही लावलं नाही. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली येऊन बालकवी गेले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. ‘स्मृतिचित्रे’त बालकवी ज्या मायेनं येतात, तसे ते दुसरीकडं क्वचितच भेटतील.

या घराचं ख्रिस्तीपण कसं होतं, तेही सांगायला हवं. टिळकांना साहेबी ख्रिस्ती धर्म मान्य नव्हता. कोट-पाटलोण घातली म्हणजे ख्रिस्ती झालो, यावर त्यांचा राग होता. आपल्याला येशूपर्यंत तुकारामांनी आणून सोडलं असं ते मानायचे. अभंग, ओवी, कीर्तन, भजन, सगळं त्यांनी चर्चमध्ये आणलं. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची गाणी म्हटली जातात. लक्ष्मीबाई तर अखेरपर्यंत नऊवारी नेसणाऱ्या, म्हणी-वाक्प्रचारांत बोलणाऱ्या नाशिककडच्या बाई राहिल्या. त्यांनी जात सोडली, माहेरची भाषा सोडली नाही.

१९१७ साली टिळकांनी आणखी एक उडी मारली. मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्याला जाऊन राहिले. तिथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. कल्पना अशी की बाप्तिस्मा घेतलेले असोत की न घेतलेले, येशूवर प्रेम करणारे सगळे एका जागी यावेत. त्यात कुणी मालक नको आणि परदेशी पैसाही नको. त्यावेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुकेही होते. सांगलीचा वेगळा जिल्हा झाला तो १९४९ मध्ये, तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं.

टिळकांच्या दृष्टीनं हा संन्यास होता. बायकोच्या दृष्टीनं पन्नाशीच्या तोंडावर पुन्हा एकदा शून्यातून सुरुवात. मिशनचा आधार होता तोही सुटला. चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई कितव्यांदा बाडबिस्तरा बांधत होती, कोण जाणे. टिळकांच्या मोठेपणाबद्दल लिहिणारे हा हिशेब मांडत नाहीत. लक्ष्मीबाईंनी तो मांडला, पण हसत हसत. नवऱ्याला देव न करता आणि खलनायकही न करता त्याच्याबद्दल लिहिणं किती अवघड आहे, ते कुठल्याही बायकोला विचारा.

दरबार फार दिवस चालवणं टिळकांच्या नशिबात नव्हतं. प्रकृती बिघडली. ९ मे १९१९ ला मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये ते गेले.

लक्ष्मीबाई पन्नास वर्षांच्या होत्या. १८९५ मध्ये नवरा गेला होता धर्मापायी, आता गेला कायमचा. फरक बघा. तेव्हा त्यांना उचलून पंढरपूरला न्यावं लागलं होतं. यावेळी त्या स्वतः उभ्या राहिल्या. पुढं काही वर्षं त्या कराचीत मुलाकडं राहिल्या. अनोळखी शहर, परकी भाषा. पण अनोळखी माणसांची भीती त्यांना आता उरलेली नव्हती. जातील तिथं माणसं जोडत गेल्या.

आणि मग पुस्तक. तेही ठरवून झालं नाही. देवदत्तांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून द्यायला सांगितलं. लक्ष्मीबाई लिहायला लागल्या. लेख ‘संजीवनी’त येऊ लागले आणि लोक वाचून चाट पडले. टिळकांच्या चरित्राचा कच्चा माल म्हणून जे लिहिलं जात होतं, त्याचंच पुस्तक झालं. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. लक्ष्मीबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. शेवटचा भाग छापून आला तेव्हा त्या नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकला त्यांचं निधन झालं होतं.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांना वाटेल, एवढं सोसलंय म्हणजे रडकं असणार. अजिबात नाही. लोक ते वाचताना मोठ्यानं हसतात. वडिलांचं सोवळं, नवऱ्याचा वेंधळेपणा, स्वतःचं अज्ञान, काहीही सुटत नाही. नाना गोखल्यांचं ते सगळं घर धुवून काढणारं भय या पुस्तकात विनोद होऊन येतं. त्यात राग नाही, म्हाताऱ्या बापाबद्दल कीव आहे. जोसेफिन इंकस्टर यांनी १९५० मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, शांता गोखले यांचं भाषांतर २०१७ मध्ये आलं. विजया मेहता यांनी त्यावर चित्रपटही केला.

चर्चमधल्या लोकांना मात्र त्यांचं आणखी एक काम जास्त जवळचं वाटतं. टिळकांनी येशूचं चरित्र ओवीत लिहायला घेतलं होतं. नाव ‘ख्रिस्तायन’. सुरुवातीचे दहाएक अध्याय झाले आणि टिळक गेले. पंडित नवऱ्याचं अर्धं राहिलेलं महाकाव्य पुढं कोण नेणार, हा प्रश्न होता. ते शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी हातात घेतलं, आणि ओवीला ओवी जोडत आणखी साठहून अधिक अध्याय लिहून काढले. ते छापून आलं १९३८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.